सांगलीचा चुडा आणि वाटेतल्या मोऱ्या

गेल्या महिन्यात मी मेढ्याहून सांगलीला जाऊन आले. अंतर काही विलायतेचं नाही. सकाळी एसटीत बसलेलं माणूस दुपारच्या जेवणाला सांगलीत पोचतं. मला तीन दिवस लागले. का लागले ते सांगायला हे लिहिते आहे. घरातल्या मोरीपासून लांब जायचं म्हटलं की ज्या बायका मग कुठे जातच नाहीत, त्यांनी हे वाचावं. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, पण नाक मुरडू नये. मुतायला सगळ्यांनाच जावं लागतं.

मेढा, सोमवार

आम्ही मणेर. बांगड्या भरणं हा आमचा धंदा. लग्न होऊन आले तेव्हा सासूच्या मागून टोपली डोक्यावर घेऊन हिंडले, ती गेल्यावर एकटी हिंडले. जावळीच्या डोंगरातली गावं, वाई, सातारा, औंधच्या यमाईची जत्रा. कुठल्या वाटेवर कुठलं झुडूप आडोशाचं आहे हे मला तोंडपाठ होतं. औंधला डोंगराच्या पायथ्याशी घाणेरीची एक जाळी होती. सकाळी तिच्यामागे एकदा जाऊन आलं की दिवे लागेपर्यंत बघायला नको. तेव्हा माझा बंदोबस्त पक्का होता.

चार वर्षांपूर्वी मी सुजायला लागले. चेहरा भाकरीसारखा फुगला, आवाज बापयासारखा झाला, चैतात स्वेटर घालून बसायला लागले. पोट चार-चार दिवस साफ होईना. मुलगा साताऱ्याला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, थायरॉईड. गळ्यात एक ग्रंथी असते, ती आळशी झाली आहे. एक बारकी पांढरी गोळी लिहून दिली, जन्मभर घ्यायची. मी घेतली. एक दिवस चुकवली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्याच सुमाराला खालचा बंदोबस्तही ढिला पडला. शिंकले की थोडं, हसले की थोडं, आणि नळ सुटल्याचा आवाज आला की थोडं नाही, बरंच. मी पाणी पिणं कमी केलं. नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवून केलेला वुजू टिकेना म्हणून चार बायकांत बसून नमाज पढणं सोडलं. तरी टोपली सोडली नव्हती. ती सुटली वाईत.

वाईतल्या एका घरी साखरपुड्याच्या बांगड्या भरत होते. दुसरा हात निम्मा झाला आणि चटईवर व्हायचं ते झालं. शेजारी एक रांगती पोर बसली होती. मी तिच्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या आईने तिला उचललं, चाचपलं, कोरडी लागली म्हणून पुन्हा चाचपलं. पोरीला अजून बोलता येत नव्हतं म्हणून मी सुटले. घरी येऊन टोपली माळ्यावर टाकली. नंतर तीन लग्नांची बोलावणी आली, मी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. गुडघे फार सोयीचे. त्यांना कोणी पुरावा मागत नाही.

मग सांगलीहून सुमनवहिनीचा फोन आला. नात्याने ती माझी कोणी नव्हे, मी नुसती वहिनी म्हणते. तिचं माहेर मेढ्याचं. मी लग्न होऊन आल्यावर माझ्या हाताने भरलेला पहिला चुडा तिचा. पुढे तिची लेक मंदा, तिचाही चुडा मीच भरला. आता मंदाच्या लेकीचं, तन्वीचं लग्न निघालं होतं. मी गुडघ्यांची गोष्ट सुरू केली. वहिनीने ऐकून घेतली आणि म्हणाली, "हमीदा, आईचा केलास, लेकीचा केलास. नातीचा नाही केलास तर मी समजेन, तुझं-माझं संपलं." आणि फोन ठेवला. ती पहिल्यापासून अशीच.

आता माझ्या सासूचा नियम सांगते, नाहीतर माझी भीती कळायची नाही. हात भरायला घेतला की दोन्ही हात भरून होईपर्यंत चटईवरून कोणी उठायचं नाही. नवरीने नाही, नवरीच्या आईने नाही, आजूबाजूच्या बायांनी नाही. मध्येच उठलं तर संसार अर्धा राहतो म्हणे. काम संपलं की बाया उठून जायच्या, आणि सगळ्यांत शेवटी, खोली रिकामी झाल्यावर, मणेरीण उठणार. सासूची स्वतःची चटई असायची, काळपट रंगाची. ती चटई ती स्वतः धुवायची, मला कधी हात लावू द्यायची नाही. मला वाटायचं, धंद्याची इज्जत आहे. हा नियम पुढे मी इतका कडक चालवला की साताऱ्यापासून सांगलीपर्यंत बाया मला घाबरायच्या. आता मीच त्यात सापडले होते. सव्वा तास बैठक, आणि माझी धाव तासाभराची.

माझी सून रुबिना बरोबर येणार होती. तिचा हात चांगला आहे, पण तिने अजून नवरीचा चुडा भरलेला नाही. आम्ही घरात दखनी बोलतो, ते इथे मराठीत लिहिते. टोपली माळ्यावरून काढताना मी तिला सांगून टाकलं की सांगलीची बैठक निभली तर टोपली माझी, नाही निभली तर तुझी, मी परत हात लावणार नाही.

ती टोपलीवरची धूळ पुसत म्हणाली, "टोपली ऱ्हाऊ द्या अम्मी. आदी मोठी पिशवी काढा, दोन जादा परकर लागतील." तिला सगळं माहीत होतं. वाळत घातलेले परकर कोण मोजतं, सूनच मोजते.

मेढा ते इस्लामपूर, मंगळवार

आदल्या संध्याकाळपासून मी पाण्याला शिवले नाही. सकाळी फक्त चहा घेतला, कारण चहा म्हणजे पाणी नव्हे असं मी तेव्हा समजत होते.

साताऱ्याच्या स्टँडवरच्या मोरीच्या दाराला कडी नव्हती. रुबिना बाहेरून दार धरून उभी राहिली आणि आतून मी तिला दम देत राहिले की सोडू नकोस. बाहेर येऊन कंदी पेढे घेतले. पेढे विकणाऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला, मी नको म्हटलं. त्याने दुसऱ्यांदा केला, मी दुसऱ्यांदा नको म्हटलं. आपल्याकडे पेढा फुकट देणार नाहीत, पण पाणी दिल्याशिवाय जाऊ द्यायचे नाहीत.

मग कराडची गाडी धरली. आमच्या जिल्ह्यात नद्या फार. माणसं त्याचं कौतुक करतात, पूल आला की नमस्कार करतात. मला प्रत्येक पूल आला की मांडी घट्ट धरावी लागत होती. साताऱ्यातून निघाल्यावर उरमोडी गेली, ती निभली. पुढे तारळी आली. तिच्या पुलावर कोणीतरी पोरगं ओरडलं, केवढं पाणी बघ, आणि माझं संपलं. मी उठून पुढे गेले आणि कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितलं.

कंडक्टर तरणा होता. म्हणाला, "आवं आज्जी, अर्ध्या तासात कराड येतंय."

मी म्हटलं, "अर्धा तास मी दिला असता रं, पन तो माज्या हातात न्हाई."

त्याने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर पिकल्या मिशांचा होता, त्याच्याही घरात म्हातारी असणार. त्याने एका ढाब्यापाशी गाडी घेतली. मी उतरून ढाब्यामागच्या मोरीकडे निघाले. मागे पावलं वाजली म्हणून वळून बघितलं. रुबिना होती, आणि तिच्यामागे आणखी सहाजणी. एक साडीतली मास्तरीण, दोघी कॉलेजच्या पोरी, एक पोटुशी, एक माझ्यापेक्षा म्हातारी आणि एक इतकी जाड की ती सीटवरून उठेल असं मला वाटलं नव्हतं. एकीनेही साताऱ्यापासून तोंड उघडलं नव्हतं. परत गाडीत बसताना एकीनेही माझ्याकडे बघितलं नाही. कंडक्टर दाराशी उभा राहून मोजत होता, त्याला वाटलं मी पाहुण्यांचं वऱ्हाड घेऊन चालले आहे.

कराडात कोयनेचा पूल मी आरामात बघितला. पाणी खरंच छान होतं.

दुपारी पेठ नाक्यावरून इस्लामपूरला वळलो. उसाचा हंगाम होता. ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचे तुरे हलताहेत. आमच्या जावळीत डोंगर अंगावर येतो, भात आणि नाचणी आणि चढ. इथे नजर टाकली की उसावरून घसरत थेट आभाळापर्यंत जाते. हवेला मळीचा गोड-आंबट वास. माझी धाकटी बहीण नूरी इथेच दिलेली. तिला तो वास येतच नाही. म्हणाली, कसला वास?

नूरीच्या घरी गेले आणि पहिल्यांदा मोरी कुठे आहे ते विचारलं. तिने नवीन खुर्चीची बसवली आहे, पांढरीशुभ्र. आमच्या मेढ्यात उकिडवं बसायचं. खुर्चीवर बसून मुतायचं म्हणजे मला पाहुणी आल्यासारखं वाटतं, पण गुडघ्यांनी नूरीला दुवा दिली. ते खरंच दुखतात, थोडे.

जेवायला अख्खा मसूर केला होता, कांदा जाळून, वर तेलाचा तवंग. असा मसूर आमच्याकडे होत नाही. मी दोन रोट्या जास्त खाल्ल्या आणि पाणी एक घोट प्यायले. नूरीने ते बघितलं.

इस्लामपूर, बुधवार

सकाळी नूरीने मला चहा दिला. मी पिशवीतून गोळ्या काढल्या. थायरॉईडची बारकी पांढरी, हाडांसाठी दिलेली मोठी कॅल्शियमची, आणि रक्तासाठी लोहाची तांबडी. तिन्ही तळहातावर घेतल्या आणि चहाच्या एका घोटाबरोबर गिळल्या. वर चहात बुडवून बेकरीचं कडक बटर खाल्लं. रोजची माझी रीत. एकदम घेतलं की विसरायची भीती नाही.

नूरी हातातलं लाटणं धरून उभी होती. म्हणाली, "आपा, त्यात थायरॉईडची व्हती?"

मी म्हटलं, होती.

"कवापासून अशी घेतीस?"

मी म्हटलं, चार वर्षं, एक दिवस चुकवला नाही.

नूरी भिंतीला टेकून हसायला लागली. तेव्हा मला कळलं की तिलाही थायरॉईड आहे, सहा वर्षं झाली. दोघी बहिणींनी एकमेकींपासून लपवलं होतं. आमच्या आईचा गळा शेवटी सुजला होता, म्हणजे तिलाही असणार. पोटातून काय-काय दिलं तिने आम्हाला. नूरी रोज सकाळी उठून उपाशीपोटी गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेते आणि मग तासभर चहाच्या नावाने बोटं मोडत बसते. कॅल्शियम दुपारी. तिने मला तिथल्या तिथे चप्पल घालायला लावली आणि तिच्या डॉक्टरबाईकडे नेलं.

डॉक्टरबाई लहान वयाची, पण डोळ्यात डोळे घालून बोलणारी होती. तिने सुरुवात अशी केली की लघवीच्या बाबतीत काही तक्रार वगैरे जाणवते का. मी म्हटलं, "बाई, शिंकले की मुतते, हसले की मुतते, आणि परवा शुक्रवारी मला चटईवर सव्वा तास बसायचं आहे. त्याचं बोला." नूरीने कपाळावर हात मारला. डॉक्टरबाईने पेन खाली ठेवलं आणि आम्ही कामाला लागलो.

तिने रक्त काढायला लावलं, लघवीही तपासली. साखर नव्हती, जंतू नव्हते. पोट दाबून बघितलं, खालूनही तपासलं. संध्याकाळी थायरॉईडचा आकडा आला. तो असा वर गेला होता की जणू मी गोळी घेतलीच नव्हती. चार वर्षं मी औषध चहाला पाजत होते. दूध, कॅल्शियम, लोह, सगळी मिळून ती बारकी गोळी पोटात शिरू देत नाहीत.

मग तिने मला समजावलं ते मला कळलं तसं सांगते. सगळा दोष थायरॉईडचा नाही. पाच बाळंतपणं, उतरलेलं वय, वाढलेलं वजन, यानेही खालचे स्नायू सैल होतात. पण थायरॉईड आळसावला की वजन वाढतं, पोट साफ होत नाही, आणि भरलेलं पोट लघवीच्या पिशवीवर बसून राहतं. त्यात मी पाणी तोडलेलं. तिने विचारलं, दिवसात किती पाणी पिता. मी जरा अभिमानानेच सांगितलं, दोन पेले. ती म्हणाली, म्हणून तर पिशवी चिडते. पाणी कमी झालं की लघवी जहाल होते, ती आत चावते, पिशवी आणखी घाई करते. पाणी बेताने, दिवसभर पसरून प्यायचं. चहा सहा कपांवरून दोनावर. कळ येईपर्यंत थांबायचं नाही, घड्याळ लावून जायचं.

शेवटी एक कसरत शिकवली. वारा अडवताना आवळतो तसं खालून आवळायचं, पाच मोजेपर्यंत धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. सैल सोडणंही आवळण्याइतकंच महत्त्वाचं. हे मला चटकन समजलं. हात भरताना मी बायांना हेच सांगते. मूठ आवळून धरलेल्या हातात काकण चढत नाही, सोडता यायला पाहिजे. आणि अचानक कळ आली तर धावायचं नाही. जागच्या जागी थांबून चार-पाचदा चटचट आवळायचं, लाट ओसरू द्यायची, मग चालत जायचं.

मी विचारलं, शुक्रवारपर्यंत बरं होईल का. ती म्हणाली, महिने लागतील, दोन महिन्यांनी रक्त पुन्हा दाखवा. मी म्हटलं, लग्न दोन महिन्यांनी नाही. ती म्हणाली, "मग शुक्रवारी उठा मधेच. मुतायला उठल्याने कोणाचं लग्न मोडल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही." माझ्या सासूला ती भेटली नव्हती.

सांगली, गुरुवार आणि शुक्रवार

गुरुवारी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर गोळी घेतली. मग नूरी आणि मी तासभर एकमेकींकडे बघत बसलो, चहाविना, रुसलेल्या सवतींसारख्या. त्यानंतरच्या चहाला जी चव आली ती सांगण्याजोगी नाही.

आष्ट्यावरून सांगली जवळ. कृष्णेचा पूल मी आवळत-सोडत पार केला. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, काय मोजताय? मी म्हटलं, बांगड्या.

वहिनी फाटकातच उभी होती. केस सगळे पांढरे झालेत, बाकी तशीच. मिठी मारली नाही, माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, सुजलीस. मी म्हटलं, वाळलीस. बरं वाटलं दोघींना. जेवायला कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, ज्वारीची पातळ भाकरी, वर दही. आमच्याकडची वांगी चवीला उग्र. इथली अशी गोड की भरतात तिखट जपून घालावं लागतं. तन्वी ऑफिसातून आली. धिप्पाड पोर. रोज सकाळी वजनं उचलते म्हणे. मी तिचा हात हातात घेऊन बघितला आणि मनात म्हटलं, मेले. बोटांची हाडं अशी की अडीचच्या मापाचं काकणसुद्धा घाम काढणार. सव्वा तास नाही, दीड तास.

शुक्रवारी सकाळी माझी हिंमत गेली. डॉक्टरबाईचं सगळं ऐकलं होतं, पण पाणी बंद केलं. बैठकीच्या खोलीत चटई घातली, सासूचीच, काळपट. शेजारी वहिनीने पाण्याने भरलेला तांब्या आणि वर फुलपात्र आणून ठेवलं. म्हणाली, घे. मी म्हटलं, नंतर. तिने फुलपात्र भरून पुढे केलं. मी म्हटलं, नको.

वहिनीचा चेहरा उतरला. हे समजायला मागचं सांगावं लागेल. मी पहिल्यांदा सांगलीला तिच्या डोहाळजेवणाला आले तेव्हा तिच्या सासूने माझ्यासाठी कोनाड्यात वेगळा पेला ठेवला होता. मी त्यातून पाणी प्यायचे आणि विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचे. सासू वारली आणि पुढच्या खेपेला आले तर कोनाडा रिकामा. वहिनीने तो पेला उकिरड्यावर टाकला होता आणि माझ्यापुढे घरचा तांब्या ठेवला. आम्ही त्याबद्दल कधी एक शब्द बोललो नाही. आता मी त्याच तांब्यातलं पाणी नाकारत होते.

"पाणीसुद्धा नको झालं का गं आमचं?" वहिनी म्हणाली.

बाया येऊन बसायला लागल्या होत्या. मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, काम झाल्यावर. तिने फुलपात्र पुन्हा तांब्यावर पालथं घातलं आणि तांब्या आपल्या गुडघ्याशी ओढून बसली.

घड्याळ बघून मोरीला जाऊन आले आणि सुरुवात केली. या घरात डाव्या हातात अकरा, उजव्यात दहा. रुबिना माळेतून हिरव्या काकणांची निवड करून देत होती. मंदा शेजारी कुंकवाचं ताट घेऊन बसली होती. चार-सहा बाया गाणी म्हणत होत्या. डावा हात फार छळला. दोन काकणं वाढली. फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. अंगठ्याखालचं हाड दाबत, मूठ चोळत, फिरवत-फिरवत एक-एक चढवलं. तन्वी शहाणी, कुरकुरली नाही. फक्त एकदा म्हणाली, आजी, यापेक्षा वजनं उचलणं सोपं. बाया हसल्या. मी हसले नाही. मला परवडत नव्हतं.

डाव्या हातावर अकरा झाली. उजव्यावर चार. पाचवं काकण बरोबर बोटांच्या सांध्यावर असताना कळ आली.

साधी नव्हती. तारळीच्या पुलावरची. मी डॉक्टरबाईचं आठवलं. हलायचं नाही. चटचट आवळायचं. तन्वीची मूठ माझ्या मुठीत, काकण अर्ध्यात, आणि मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत आवळते आहे. गाणं संपलं. खोली शांत झाली. वाईची ती रांगती पोर माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि इथे तर एकही बाळ नव्हतं. मी आवळत राहिले. एकदा, दोनदा, पाचदा. आणि ती लाट ओसरली. खरंच ओसरली. वहिनी माझ्याच तोंडाकडे बघत होती.

तेवढ्यात वहिनीच्या गुडघ्याचा धक्का लागून तांब्या लवंडला. गार पाणी सळसळत चटईवर आलं आणि माझ्या मांडीखाली शिरलं. बाया अगं अगं करायला लागल्या. वहिनी पदराने पुसायचं सोंग करत माझ्याकडे वाकली आणि कानात म्हणाली, "गप बस. आता कुणाला कळायचं नाही."

मी म्हटलं, "वहिनी, माझं काही झालंच नव्हतं."

ती तशीच वाकलेली राहिली. मी तिच्याकडे बघितलं आणि मला मंदाचा चुडा आठवला. सव्वीस वर्षांपूर्वी, याच खोलीत, निम्म्या बैठकीत वहिनी म्हणाली होती, जरा उठू का, आणि मी सगळ्यांदेखत तिला खाली बसवलं होतं. थोड्या वेळाने तिचा तांब्या लवंडला होता. तेव्हा मी तिला हसले होते की लेकीच्या लग्नात आईचे हात थरथरतात.

"मंदाच्या वेळी?" मी विचारलं.

"मंदाच्या वेळी," वहिनी म्हणाली. "तू उठू देत नव्हतीस."

मी भिजलेल्या चटईवर बसून होते आणि माझ्या डोक्यात एकामागून एक सगळं लागत गेलं. चटई काळपट का. ती सासू स्वतःच का धुवायची. बाया गेल्यावर, खोली रिकामी झाल्यावर, मणेरीण सगळ्यांत शेवटी का उठायची. संसार अर्धा राहतो म्हणे. संसाराचा काही संबंध नव्हता. म्हातारीने सात लेकरं जन्माला घातली होती आणि तिला कोणी बघायला नको होतं, एवढंच. तिने आपली लाज झाकायला नियम केला आणि मी तो पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या लेकीबाळींवर चालवला. मला त्या म्हाताऱ्या बाईचा राग आला, आणि मग हसू आलं, आणि हसताना थोडं झालं. चटई ओलीच होती.

पाचवं काकण मी सांध्यावरून पुढे सरकवलं. सहज गेलं. मग मी उभी राहिले. बायांची गडबड थांबली. त्यांतल्या निम्म्यांचे हात मी भरलेले होते, त्यांनी मला कधी मध्येच उठलेली बघितली नव्हती.

"मी मोरीला जाऊन येते," मी म्हटलं. "नियम माझ्या सासूचा होता, तो मी आज मोडला. कोणाला यायचं असेल तर यावं."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग वहिनी गुडघ्यावर हात टेकून उठली, घर माझं, आधी मी, म्हणत. तिच्यामागे मंदाने कुंकवाचं ताट खाली ठेवलं. मंदाच्या मागे रुबिना. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा ती म्हणाली, "दुसऱ्या बाळंतपनापासून, अम्मी. तुमाला सांगू कसं?" वाळत घातलेले परकर मीही मोजायला हवे होते. मागे आणखी चौघी. मोरीच्या दारात रांग लागली आणि रांगेत डॉक्टरबाईची कसरत मी सगळ्यांना शिकवली. आठ बाया भिंतीला टेकून गंभीर तोंडाने पाच मोजत होत्या. चटईवर एकटी तन्वी राहिली होती, एक हात हिरवा, एक अर्धा. तिकडून ओरडली, "मी पण उठू का?" मी म्हटलं, ऊठ.

परत येऊन बसलो. तांब्या वहिनीने सरळ केला होता, तळाला थोडं पाणी राहिलं होतं. मी ते फुलपात्रात ओतून घेतलं आणि वहिनीदेखत सगळं प्यायले. मग राहिलेली पाच काकणं भरली. एकही वाढलं नाही.

मेढा, रविवार

परतीच्या वाटेला सांगलीचं भडंग खाल्लं, कराडात पाणी प्यायलं, गाडी दोनदा थांबवली. दोन्ही वेळा मी एकटी उतरले नाही.

टोपली माझ्याकडे आहे. आता महिना झाला, आणखी एका महिन्याने रक्त दाखवायचं आहे. पोट रोज साफ होतं, स्वेटर काढला. गळती पुरती थांबलेली नाही, पण आता कोणाच्या घरी गेले की बसायच्या आधी मोरी विचारते, आणि पाणी दिलं की पिते.

घरी पोचल्यावर रुबिनाने पिशवीतून चटई काढली. इतकी वर्षं मीही ती स्वतःच धुवत आले होते, सासूसारखी. तिने धुवायला मागितली तेव्हा मी तिला सांगितलं की वहिनीच्या तांब्यातलं पाणीच आहे, फारसं दुसरं काही नाही.

"काय का असंना," ती म्हणाली, आणि चटई घेऊन नळाखाली गेली.